नकाशातली कोरी जागा

तुंबांग सारुई,
३ जुलै २०२०

देहेन,

हे पत्र सावुंगच्या होडीने खाली जाईल, तिथून बसने, मग विमानाने. तुझ्या हातात पडेपर्यंत नदीचं पाणी हातभर उतरलेलं असेल. फोन का करत नाही असं विचारू नकोस. फोनसाठी टेकडी चढावी लागते, आणि चढून गेल्यावर तू "हो ताई, बघतो ताई" म्हणतोस आणि विसरतोस. कागद विसरायचा म्हटला तरी टेबलावर पडून राहतो.

एकच काम आहे. आईचं बी मरायला लागलंय.

त्या मोठ्या धुरानंतर रान जाळायला बंदी आली. ठीक आहे. पण पेटली होती ती खालची दलदल, कंपन्यांनी कालवे खणून वाळवलेली. आमचं डोंगरउताराचं अर्ध्या एकराचं रान, भोवती पट्टा झाडून, वाऱ्याचा अंदाज घेऊन, गावातल्या वीस जणांनी पाण्याची भांडी घेऊन उभं राहून जाळलेलं, त्याचा धूर जकार्तापर्यंत कसा जाईल? पण राखेशिवाय आपल्या मातीत भात येत नाही हे तुला मी काय सांगायचं. तूच लहानपणी राखेत लोळून काळा होऊन यायचास.

दोन वर्षं पेरणी नाही. आपल्या बुयुंग भाताचं बी चुलीवरच्या सालीच्या डब्यात आहे. आईने मरताना माझ्या हातात दिलं तेव्हा म्हणाली होती, एक वर्ष चुकलं तर बी रुसतं, दोन चुकली तर आजारी पडतं, तिसरं चुकलं तर त्याच्यासाठी रडायला बसा. हे तिसरं.

जिल्ह्याच्या कचेरीत तीनदा जाऊन आले. रीतीप्रमाणे जाळणाऱ्यांना परवानगी मिळते म्हणे, पण कागद वरून यायला हवा. वर म्हणजे कुठे? साहेब बोटाने छताकडे दाखवतो. छताच्या वर, जकार्ताच्या शेती खात्यात, तू बसलेला आहेस, म्हणून तुला लिहितेय.

आणि ऐक, आम्ही आता पोत्यातला तांदूळ खातो. परदेशातून आलेला, पांढरा, वास ना चव. ज्या गावाने कधी तांदूळ विकत आणला नाही ते गाव रेशनच्या रांगेत उभं आहे, आणि टीव्हीवर तू टाय लावून सांगतोस की देशाने स्वतःच्या ताटात स्वतःचं अन्न वाढून घ्यायला हवं. मला हसू आलं. मग राग आला.

एक कागद पाठव. एका रानाचा.

तुझी ताई,
लमियांग

---

जकार्ता,
२१ जुलै २०२०

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मान खाली गेली. टीव्हीवर मी दोनच मिनिटं होतो, आणि टाय ऑफिसचा होता.

परवानगीचं मी बघतो. खरंच बघतो. पण ताई, इथे "आमच्या गावात असं करतात" या वाक्याला किंमत नाही. कोण कुठे कसतं याचा पुरावा लागतो. तू असं कर, गावाचा एक नकाशा काढून पाठव. खालच्या वळणापासून वरच्या उभ्या दगडापर्यंत, दोन्ही काठ. कुणाचं काय कुठे आहे ते लिही. तुझ्याइतकं त्या रानातलं कुणालाच माहीत नाही. मी तो समितीपुढे ठेवतो आणि त्याच्या आधारावर परवानगी काढतो.

दुसरं. बी मरेल याची एवढी धास्ती घेऊ नकोस. आमच्याकडे शीतगृह आहे, तिथे बी पन्नास वर्षं टिकतं. किलोभर पाठवून दे. मी स्वतः नोंदवून घेईन, आईचं नाव लावून.

इकडे कामाचा डोंगर आहे. रोगामुळे जहाजं अडली, बाहेरचा तांदूळ वेळेवर येईना, आणि वरच्या लोकांना पहिल्यांदा कळलं की दुसऱ्याच्या कोठारावर जगणं काय असतं. आता मोठी योजना येते आहे. आपल्याच भागात. चांगलं होईल असं वाटतं.

तब्येतीला जप. मास्क लाव.

देहेन

---

तुंबांग सारुई,
९ ऑगस्ट २०२०

देहेन,

नकाशा पाठवतेय. कॅलेंडरच्या पाठीवर काढलाय, म्हणून उन्हात धरलास तर मार्च महिना दिसेल. चार संध्याकाळी बसले होते. राम्बांगकाका शेजारी बसून चुका काढत होते. त्यांच्या मते मी नदी फार जाड काढली.

घरं आहेत, रबराच्या बागा आहेत, दुरियानची राई, स्मशान, वेताची बेटं. यंदा ज्याला जे रान तोडायचं होतं ते नावासकट लिहिलंय. माझं दगडाच्या खाली आहे, त्यावर फुली केलीय, परवानगी त्याची हवी.

विसाव्याची रानं काढली नाहीत. का ते तुला सांगायला नको. झोपलेल्या रानाचं नाव घ्यायचं नाही, त्यात वाट पाडायची नाही, खूण ठोकायची नाही, आठ-दहा वर्षं झाली की मालक जाऊन पहिलं झाड तोडतो तेव्हाच त्याचं नाव पुन्हा तोंडात येतं. लहानपणी तू एकदा "ते आमचं रान" म्हणून बोट दाखवलंस तर आईने तुझ्या बोटावर फटका मारला होता. म्हणून वरच्या अंगाला बरीच जागा कोरी दिसेल. ती काय आहे ते तुला माहीत आहेच, विचारलं तर तू सांग.

बी पाठवणार नाही. रागावू नकोस. आपलं बी ज्याच्या हाताने पेरलं जाणार त्यालाच देतात. पेटीत घालून ठेवायला ते काय आजीचे दागिने आहेत? तुझ्या शीतगृहात काठीने मातीत भोकं कोण पाडणार आहे आणि त्यात बी कोण टाकणार आहे?

रान तोडून वाळत घातलंय. सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत जाळता येईल. त्यानंतर पाऊस. कागद लवकर धाड.

कोवळा दाणा भाजून कुटलेल्या पोह्यांची तुला आठवण येते का, नारळाचं पाणी शिंपडून? दोन वर्षं गावात तो केंता झालेला नाही. मुलं शब्दसुद्धा विसरली.

लमियांग

---

जकार्ता,
४ सप्टेंबर २०२०

ताई,

नकाशा मिळाला. सगळ्यांनी फार वाखाणला. एवढा तपशील उपग्रहाच्या चित्रात नसतो असं आमचे मोठे साहेब म्हणाले.

परवानगी मार्गी लागली आहे. तोवर कृपा करून काही पेटवू नकोस. दोन वर्षं थांबलीस, आणखी थोडं थांब. मला सध्या फार फिरावं लागतंय, बढती मिळाली आहे.

वरच्या अंगाला रस्ता होणार आहे, कदाचित वीजही. खुश ना?

घाईत,
देहेन

---

तुंबांग सारुई,
३ ऑक्टोबर २०२०

देहेन,

पाऊस सुरू झाला. कागद आला नाही.

तोडलेलं रान भिजून कुजत पडलंय. आता त्याला आगपेटी दाखवली तरी ते आपल्याला हसेल. शेवटच्या आठवड्यात मी रोज धक्क्यावर जाऊन बसायचे. सावुंग लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून. शेवटी शेवटी तो बिचारा माझ्याकडे बघायचंच टाळायला लागला.

राम्बांगकाका थांबले नाहीत. म्हणाले, मी पंचाहत्तर वर्षांचा आहे, मला कसली परवानगी. अंगणाएवढा तुकडा जाळला. आठ दिवस कोठडीत ठेवलं. परत आले ते बोलतच नाहीत. काकी भात वाढते, पोत्यातला, आणि ते ताट बाजूला सारतात.

तू सांगितलंस थांब, मी थांबले. गावाने मला विचारलं, भाऊ काय म्हणतो, मी म्हटलं, भाऊ करतो म्हणालाय. माझ्या शब्दावर अकरा घरं थांबली. आता मी पाणी भरायला उशिरा जाते, बायका गेल्यावर.

बी अजून डब्यात आहे. उघडून बघायचं धाडस होत नाही.

लमियांग

---

तुंबांग सारुई,
१७ नोव्हेंबर २०२०

देहेन,

मागच्या पत्राला उत्तर नाही. आता उत्तर का नाही ते कळलं.

यंत्रं आलीत. पिवळी, घराएवढी. वरच्या अंगाला शिरली आणि चार दिवसांत जे सपाट केलं ते उभं राहायला दहा वर्षं लागली होती. देशाचं अन्नकोठार उभारायचंय म्हणे, टॅपिओकाचा कंद लावणार. मी, काकी आणि आणखी सात-आठ जणी यंत्रांना आडव्या गेलो. इंजिनिअर चांगला पोरगा होता, आवाज चढवला नाही. म्हणाला, "मावशी, ही पडीक जमीन आहे, कुणाची नाही. तुमच्याच गावाने लिहून दिलंय." आणि प्लास्टिकमध्ये घातलेला कागद दाखवला.

माझ्या हातचं वळण मी ओळखणार नाही होय रे? जाड नदी. दगड. माझी फुली. आणि जिथे मी काही काढलं नव्हतं तिथे कुणीतरी पिवळा रंग भरला होता, रेघेबाहेर जाऊ न देता, अगदी नीट. खाली छापलं होतं, "रहिवाशांच्या नकाशानुसार रिकामे क्षेत्र". सात विसाव्याची रानं गेली, त्यातलं एक आईचं. त्यात तुझाही वाटा होता.

मी त्याला समजवायला लागले की आमच्यात नाव घेत नाहीत. सांगता सांगता माझं मलाच ऐकू आलं की हे किती वेडगळ वाटतंय. तो म्हणाला, मग लिहायचं तरी होतं मावशी.

त्याला माहीत नव्हतं. त्याला मी बोल लावत नाही. तुला माहीत होतं. तू कोरं बघितलंस आणि कोरंच राहू दिलंस. आईने तुझ्या बोटावर मारलेला फटका विसरलास की आठवूनही गप्प बसलास, एवढंच सांग. बाकी काही नको.

लमियांग

---

जकार्ता,
१२ डिसेंबर २०२०

ताई,

हे पत्र मी सहाव्यांदा लिहितोय.

तुला समजावं म्हणून सांगतो. सत्तावीस कोटी तोंडं आहेत. आपण तांदूळ बाहेरून आणतो, गहू तर सगळाच. उद्या त्यांनी हात आखडला तर काय करायचं? वरून तारीख आली होती, अमुक दिवसापर्यंत एवढी हजार हेक्टर जमीन दाखवा. शहरालगतच्या जमिनीला हात लावता येत नाही, कंपन्यांच्या लावता येत नाही. मग उरतं काय? योजना वाईट नाही गं. देशासाठी आहे. तुम्हाला रोजगार मिळेल, सुधारित बी मिळेल, मी तुमचं नाव यादीत वर टाकीन.

हे सगळं पहिल्या पाच पत्रांतही लिहिलं होतं आणि फाडलं.

बैठकीत तुझा नकाशा भिंतीवर लावला होता. साहेबांनी कोऱ्या जागेवर काठी ठेवून विचारलं, इथे काय आहे? खोलीत चौदा माणसं होती. ताई, मला ते रान झाडांसकट दिसत होतं. आईच्या रानातलं ते वाकडं दुरियान, ज्यावर आपण झोका बांधायचो. ओठांवर आलं होतं. पण मग पुढे सांगावं लागलं असतं की नाव का लिहिलं नाही, आणि ते हसले असते. "रानवाल्याचा पोरगा शेवटी रानवालाच," असं मागे एकदा म्हणून झालं होतं. बढतीचा कागद त्याच आठवड्यात सहीला होता.

मी विसरलो नव्हतो. मी गप्प बसलो.

देहेन

---

तुंबांग सारुई,
२ ऑगस्ट २०२१

देहेन,

आठ महिने तुला लिहिलं नाही. लिहायला बसले की शिव्याच यायच्या, आणि शिव्या पाठवायला टपाल कशाला खर्चायचं.

तुमच्या कोठाराची हकीकत ऐक. कंद उपटले. करंगळीएवढे. एक होता तो पेन्सिलीएवढा. वरची माती यंत्रांनी खरवडून नेली, खाली राहिली पांढरी वाळू. वाळूत काय पिकतं ते गावातल्या कोंबडीलाही माहीत आहे, पण कोंबडीला समितीवर कुणी घेतलं नाही. इंजिनिअर पोरगा मे महिन्यात निघून गेला. जाताना मला भेटला, खाली बघून म्हणाला, "मावशी, मी मातीचा अहवाल दिला होता." मी त्याला वेताच्या कोंबांची आमटी खाऊ घातली. करणार काय. दोन यंत्रं तिथेच गंजतायत. पाऊस पडला की वाळू नदीत येते, मासळी वर सरकली.

म्हणजे बघ, देशाला कंद मिळाला नाही, आम्हाला भात मिळाला नाही, आणि पोत्यातला तांदूळ अजून बाहेरूनच येतो.

आता कामाचं. सोबत नवा नकाशा आहे. या वेळी चांगला कागद मागवला.

गाव माझ्या ओसरीवर जमलं. मी म्हटलं, झोपलेल्या रानांची नावं घ्यायची आहेत. मग राम्बांगकाका, जे नऊ महिने बोलले नव्हते, ते म्हणाले, "लिही. उताराचं, वडाच्या खालचं, राम्बांगचं." आणि रडायला लागले. मग एकेकाने सांगितलं. जिवंत माणसाचं श्राद्ध घालावं तसं वाटत होतं. गेलेली सात रानंही लिहिली आणि अजून उभी असलेली सव्वीसही. आता एक बोटभर जागा कोरी नाही. आपण रीत मोडली, देहेन. तुमच्या कागदाला आमची रीत वाचता येत नाही म्हणून मोडली.

हा नकाशा त्याच फायलीत घाल. पहिल्याच्या वर. घालतोस की नाही तेवढं कळव. आणखी दोन टप्पे बाकी आहेत असं ऐकतेय, आणि ते सव्वीस रानांकडेच येतात.

लमियांग

---

जकार्ता,
२५ ऑगस्ट २०२१

ताई,

घातला. पहिल्याच्या वर. सोबत माझ्या हाताने टिपण लिहून जोडलं: पहिल्या नकाशातली कोरी जागा ही विसाव्याची रानं आहेत हे मला जन्मापासून ठाऊक होतं, बैठकीत मी ते सांगितलं नाही. खाली सही, हुद्दा, तारीख. शिक्का मारून घेतला, म्हणजे कुणाला काढून टाकता येणार नाही. पुढचा टप्पा थांबेल का हे सांगता येत नाही. फायलीवर शेरा आला, "पाहिले". एवढंच.

मला हलवलं. कुठे, ओळख पाहू. शीतगृहात. हसू नकोस. किंवा हस. हजारो पाकिटं आहेत, प्रत्येकावर गावाचं नाव, बाईचं नाव, वर्ष. परवा एक खण उघडला. दर काही वर्षांनी उगवण तपासायची असते. गेल्या अकरा वर्षांत कुणी तपासली नव्हती, माणूस नव्हता आणि मधे वीजही जायची. शंभर दाणे ओल्या कागदावर ठेवले. एकही उगवला नाही. तू आईचं बी पाठवलं नाहीस ते बरं केलंस.

आता एक गोष्ट राहिली. ती न सांगता पत्र संपवता आलं असतं, पण तसं एकदा करून झालंय.

टेबल रिकामं करताना ट्रेमध्ये, प्रकल्पाच्या फायलींखाली, तुझी परवानगी सापडली. दगडाखालचं रान, लमियांग, रीतीनुसार नियंत्रित जाळणीस मान्यता. सही ११ सप्टेंबर २०२०ची आहे. मुदत त्याच महिन्याच्या ३०पर्यंत. ती एकोणीस दिवस माझ्या हाताच्या अंतरावर होती आणि मी तुझा नकाशा घेऊन जिल्ह्या-जिल्ह्यातून भाषणं देत फिरत होतो. सोबत जोडली आहे. तिचा आता उपयोग नाही.

माफ कर असं लिहीत नाही. तुला ते वाचायला सहन होणार नाही.

देहेन

---

तुंबांग सारुई,
१४ सप्टेंबर २०२१

देहेन,

परवानगी मिळाली. तीनदा वाचली. मग ओसरीवरून उठून नदीवर गेले आणि पाण्यात उभी राहून मला जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या तुला दिल्या. सावुंग होडी लावत होता, तो तशीच होडी वळवून पलीकडे गेला. बाहेरच्या कुणी हा कागद दाबला असता तर मला सोपं गेलं असतं. धक्क्यावर बसून मी वाट बघत होते आणि तो तुझ्या ट्रेमध्ये होता. हे मी विसरणार नाही, आणि तूही विसरू नकोस.

टिपण लिहिलंस ते ओसरीवर वाचून दाखवलं. राम्बांगकाकांनी चष्मा मागून घेतला आणि शिक्का बघितला.

तुझ्या पत्रातलं ते शंभर दाण्यांचं वाचून मलाही धीर आला, किंवा भीती संपली म्हण. डबा उतरवला. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळले आणि चुलीजवळ ठेवले. तिसऱ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी दोन. सातव्या दिवशी उघडलं तर अकरा. बाकीचे बोटाने दाबले तर पीठ झालं. डब्यातल्या उरलेल्याचीही तीच गत असणार, तेही भिजवीन, पण आशा ठेवत नाही.

अकरा कोंब आहेत, देहेन. आईचं सगळं बुयुंग आता माझ्या एका तळहातावर मावतं.

त्यांना रान लागत नाही आणि परवानगीही लागत नाही. घरामागे कोंबड्यांच्या कुंपणापलीकडे चटईएवढी जागा केलीय, चुलीची राख मुरवलीय. यंदा अकरा ठोंब जगले तर पुढच्या वर्षी सूपभर बी. त्याच्या पुढच्या वर्षी रान. तोवर तुमचे दोन टप्पे येतात की जातात ते बघू. नावं लिहिलेली आहेत, आता आम्ही त्या नावांवर उभं राहणार.

भोकं पुरुषाने पाडायची, बी बाईने टाकायचं. गावात पुरुष आहेत, कुणीही येईल. पण हे बी आपल्या घरचं आहे, आणि ज्याच्या हाताने पेरलं जातं त्याचंच ते राहतं. तुझी काठी मी आढ्यावरून काढून टोक तासून ठेवलंय.

हे पत्र वेळेत पोचणार नाही, म्हणून या वेळी टेकडी चढून फोनवरही एवढं सांगतेय: सावुंगची होडी रविवारी वर येते. कोंब त्यापुढे थांबणार नाहीत. आलास तर अकरा भोकं पाड, जेव, आणि मग ओसरीवर बसून गावाचं ऐकून घे, सगळं, मधे न बोलता. नाही आलास तर भोकं मी पाडीन. पण मग ते बी माझं एकटीचं.

लमियांग